भरावाची जमीन आणि पाण्याची वाट

चिंचबंदर हे नाव आपण रोज उच्चारतो. पण तेथे उभे राहून पाहिले तर समुद्र कोठे दिसत नाही. पाणी गेले, नाव उरले. पाणी हटवून जी भुई वर आणली तिचा धनी कोण, ह्यावरून एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत बरीच ओढाताण झाली.

एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने १८६२ साली सरकारशी करार केला. रेल्वेसाठी १०० एकर जमीन समुद्रातून काढून द्यायची आणि मोबदल्यात २५० एकर स्वतःसाठी भरून घ्यायची. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा कापसाला सोन्याचा भाव होता. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भरावाच्या कंपन्यांचे शेअर मातीमोल झाले. धक्के आणि मालाच्या चढउताराचे दर एका खाजगी कंपनीच्या मुठीत जात आहेत हेही सरकारला उमगले. १८७० साली त्याने कंपनीची मालमत्ता विकत घेतली. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ चा ससून डॉकही चार वर्षांत खाजगी मालकीतून गेला.

श्रमातून मालकी उपजते, हे जॉन लॉकचे म्हणणे आपल्याला सहज पटते. पण मातीच्या टोपल्या वाहिल्या मजुरांनी, आणि त्यांच्या पदरात पडला तो रोज. (लॉकने चाकराने कापलेली ढेपही धन्याच्याच खाती मांडली आहे, हे येथे आठवते.)

आम्हांला बोचते ते मात्र निराळेच. ज्यांचा किनारा कागदावर होता त्यांना किंमत मिळाली. होडी नांगरणे, जाळी वाळवणे, पाण्यापर्यंतची पायवाट हे कोळ्यांचे हक्क वहिवाटीचे. त्यांचा दस्तऐवज कोठून असणार? इ.स. ५३३ च्या जस्टिनियनच्या ग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र व त्याचे किनारे सर्वांचे मानले आहेत. इंग्रजी कायद्याने किनारा राजसत्तेचा मानला. जे सर्वांचे होते ते सरकारचे झाले, आणि सरकारला ते विकता आले. सत्तेने किनारा सांभाळावा, हे ठीक. पण सांभाळणारा आणि मालक ह्यांत फरक आहे. संत थॉमस अक्वायनसने खाजगी मालकी मान्य केली, तरी वस्तूचा उपभोग सर्वांसाठी खुला असावा असे म्हटले, ते ह्याच जातीचे.

भराव नसता तर गोद्या नसत्या, हेही खरेच. आपल्यातल्या कित्येकांच्या आज्यांनी त्याच गोद्यांत चाकरी करून घरे उभी केली. तेव्हा त्या भिंतींना शिव्या देणे आपल्या तोंडी शोभत नाही. प्रश्न एवढाच, की ज्याची वाट बुजते त्याला विचारायचे कोणी आणि केव्हा?

वरळीच्या कोळ्यांनी कोस्टल रोडच्या वेळी जमीन मागितलीच नाही. होड्या जाण्यापुरते पाणी मागितले. दोन खांबांतले अंतर ६० मीटर ठरले होते. काम अडवून, वर्षानुवर्षे भांडून, २०२२ च्या अखेरीस ते १२० मीटर झाले. मागणी त्याहून अधिक होती.