कोपींतून मंदिरांत



कारखान्यांचे पट्टे पडूं लागले, कीं बीड व नगर जिल्ह्यांतील आमच्या गांवांच्या वाटांवर संसार लादलेल्या गाड्या दिसूं लागतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस गेलेलीं माणसें फाल्गुन-चैत्रांत परततात, आणि त्यांत आपल्या मंडळींतील कुटुंबेंही असतात. त्यांचा नाताळ फडांत गेलेला असतो. कारखान्याची गव्हाण रविवार ओळखीत नाहीं. रात्रीं गाडी भरावयास आली म्हणजे मोळ्या वाहाव्याच लागतात. अशा बंधुभगिनींचा मंदिरांतील पहिला रविवार कसा असावा, याविषयीं आज लिहावें असें आम्हांस वाटतें. याकरितां नहेम्याचा आठवा अध्याय आपण घरीं उघडून वाचावा, ही विनंति.

यरुशलेमेचा तट ५२ दिवसांत पुरा झाला होता. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं लोक पाणवेशीसमोरील चौकांत एकदिलानें जमले. पुरुष होते, स्त्रिया होत्या, आणि ऐकून समजण्याजोगे सर्व होते. एज्रा शास्त्री लांकडी मंचावर उभा राहून पहांटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचीत होता, व लेवी त्याचा अर्थ लोकांस समजावून देत होते. (आमच्याकडे उपदेश घटकाभर लांबला तर लोक दाराकडे पाहूं लागतात, हें येथें सहज आठवतें.) वचन ऐकतां ऐकतां त्या लोकांस रडूं आलें. आपण काय करावयाचें होतें आणि काय करून बसलों, हें त्यांस दिसलें.

आतां पुढाऱ्यांनीं काय केलें तें पाहा. त्यांनीं कोणाचा हिशेब मागितला नाहीं. हा दिवस प्रभूचा आहे, आज शोक करूं नका, घरीं जाऊन गोडधोड खा, आणि ज्याच्यासाठीं कांहीं तयार नसेल त्याला वांटा पाठवा, असें त्यांनीं लोकांस समजाविलें. प्रभूपासून मिळणारा आनंद हाच तुमचा आधार, हा त्या सांगण्याचा भावार्थ.

उपदेशक बंधूंनो, हें आम्ही मुख्यतः आपणांसाठीं लिहीत आहों. परत आलेला मनुष्य पहिल्या रविवारीं येण्यास कचरतो, याचीं कारणें आपणांस ठाऊक आहेत. मुकादमाची उचल फिटलेली नसते. अर्पणास पैसा नसतो. लुगडें व सदरा उसाच्या चिकानें डागलेला असतो. सहा महिने रविवार पाळिला नाहीं, हें मनांत टोचत असतें तें निराळेंच. आणि दारांत पाऊल टाकतांच, “इतके दिवस कोठें होतां?” असा प्रश्न कानीं पडला, तर तो पुढच्या रविवारीं येत नाहीं. असें घर एकदां तुटलें कीं पुढील दसऱ्यापर्यंत जुळत नाहीं, आणि त्यानंतर तर तें पुन्हां फडावर जातें. गैरहजेरीवरून नांव पटावरून काढण्याची चाल कित्येक ठिकाणीं आहे. ती आम्हांस पसंत नाहीं. पोटासाठीं गेलेला मनुष्य प्रभूला सोडून गेला, असें म्हणणें अन्यायाचें आहे.

कोपींत प्रार्थना होत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. प्रभु फडांतही ऐकतो. परंतु भजन म्हणणारा एक असला तरी तें झेलणारे दहा लागतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं भजनें एकट्यास पाठ म्हणतां येतील. पण कडवें संपल्यावर मागून उठणारा सर्वांचा आवाज तेथें कोठून येणार? प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत “मी” हा शब्दच नाहीं. भाकर मागावयाची ती सर्वांची, आणि क्षमा मागावयाची तीही सर्वांसाठीं. प्रभुभोजनाचें तर सांगावयासच नको. ती भाकर दुसऱ्यानें मोडून आपल्या हातीं द्यावी लागते.

गांवांत राहिलेल्यांसही या वियोगाची ओळख आहे. मार्च २०२० मध्यें साथीमुळें प्रार्थनामंदिरें बंद झालीं. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण बंद दारांआड झाला. त्याच दिवसांत पुष्कळ ऊसतोड मजूर कारखान्यांवरच अडकून पडले होते. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्यास, महाराष्ट्रांतील मंदिरांचीं दारें पुन्हां उघडलीं. मध्यंतरीं मोबाइलवर उपदेश ऐकावयास मिळाला, त्याबद्दल देवाचे आभार. तरी शेजारीं बसलेल्या म्हाताऱ्याचा खोकलासुद्धां गोड वाटावा, असे ते पहिले रविवार होते! तो आनंद ज्यांनीं चाखिला, त्यांस फडावरून आलेल्याचें मन कळावयास हवें.

त्याच अध्यायांत पुढें एक गोष्ट आहे, ती बहुधा वाचावयाची राहून जाते. दुसऱ्या दिवशीं शास्त्र उघडलें तों मांडवांच्या सणाची आज्ञा त्यांस सांपडली. तेव्हां लोकांनीं डोंगरावरून जैतुनाच्या, मेंदीच्या व खजुरीच्या डाहळ्या आणून धाब्यांवर व अंगणांत मांडव घातले, आणि बंदिवासांतून परतलेली सर्व मंडळी त्यांत राहिली. मिसरांतून काढून आणिलें तेव्हां देवानें आपल्या वाडवडिलांस मांडवांत राहविलें, हें पुढील पिढ्यांनीं विसरूं नये, म्हणून ती आज्ञा होती. ज्यांनीं बांबूच्या काठ्या व पाचट यांच्या कोपींत थंडी काढिली, त्यांस हा भाग आम्ही काय समजावून देणार? आमच्या मतें त्या रविवारीं हा अध्याय वाचण्यास त्यांच्यापैकींच कोणास पुढें बोलवावें, आणि फडांत देवानें कसें सांभाळिलें तें त्याच्याच तोंडून मंडळीनें ऐकावें.

कोणाची गाडी आली हें गांवांत लपत नाहीं. शनिवारीं सायंकाळीं त्या घरीं जाऊन यावें, आणि हात रिकामे नसावेत. सहा महिने बंद असलेल्या घरांत चुलीपाशीं काय असणार? ज्यांचा पट्टा अजून पडला नाहीं, त्यांचीं नांवें रविवारच्या प्रार्थनेंत मोठ्यानें घ्यावीं. आणि फडांत जन्मलेलें लेंकरूं कुशीं घेऊन कोणी माउली मागें दाराशीं उभी असेल, तर तिला पुढें जागा करून द्यावी.