देवीच्या हातातले पानपात्र

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. दुर्गासप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचे वर्णन याच आयुधांनिशी येते. सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात कुबेर देवीला सुरेने सदैव भरलेले पानपात्र देतो. तिसऱ्या अध्यायात महिषासुराला मारण्यापूर्वी देवी त्यातून पिते आणि तिचे डोळे लाल होतात. मनुस्मृती मात्र सुरापानाला महापातक ठरवते. गुळाची, पिठाची आणि मधु-मोहाची असे सुरेचे तीन प्रकार सांगून ते तिन्ही प्रकार ब्राह्मणांना वर्ज्य करते. देवीला जे शोभते ते भक्ताला पाप का?

कोल्हापूरसारख्या गुळाच्या मुलखात हा प्रश्न अधिकच टोचतो. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत चढतो, भेंडीच्या चिकाने मळी वर येते, गुळव्या पाकाची परीक्षा करतो आणि काहील वाफ्यात रिती होते. हा गूळ नैवेद्याला चालतो. पण रस न उकळता ठेवला, तर उसाबरोबर आलेल्या यीस्टमुळे तो काही तासांतच आंबू लागतो. पदार्थातच पाप शोधायचे, तर आधी ऊस दोषी धरावा लागेल.

परंपरेने म्हणूनच पदार्थापेक्षा प्रसंग आणि अधिकार पाहिला. वैदिक सौत्रामणी यागात सुरेची आहुती आहे. कौल उपासनेत मद्य पंचमकारांपैकी एक आहे. ज्यांना ते वर्ज्य, त्यांच्यासाठी तंत्रग्रंथांनी काशाच्या भांड्यातल्या नारळपाण्यासारखे अनुकल्प, म्हणजे पर्याय, सांगितले. ही सोय शहाणपणाची आहे, पण अधिकार जन्मावर ठरवणे मुळीच पटण्यासारखे नाही.

युरोपातल्या ख्रिस्ती मठांनी वेगळी वाट धरली. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत वाइन साधूंसाठी योग्य नाही असे म्हटले आहे. पण त्या काळच्या साधूंना हे पटवणे शक्य नाही हे मान्य करून रोजचे माप ठरवून दिले आहे. तीच नियमावली पाळणाऱ्या बेल्जियमच्या वेस्टमाल मठात १८३६ पासून बिअर बनते. त्याच देशात पिपे गावचे द्युबुइसाँ घराणे १७६९ पासून पिढ्यान्‌पिढ्या बिअर बनवत आले आहे. तिथे मद्य हा देवघराचा आणि घरधंद्याचाही भाग राहिला. प्रश्न उरला तो मापाचा.

पण घरात दारूने मांडलेला उच्छाद ना अनुकल्पाने आवरतो, ना मापाने. बौद्धांच्या पंचशीलातील पाचवे शील इथे जास्त नेमके वाटते. मद्याने माणूस बेसावध होतो, म्हणून ते टाळायचे, असे कारण ते देते; आणि ते कारण राजाला, भटाला आणि गुऱ्हाळावरच्या मजुराला सारखेच लागू पडते.