एक उथळ खोबण

डोळे मिटा किंवा उघडे ठेवा, पण घाई सोडा. या क्षणी तुमच्या प्रत्येक पेशीत प्रथिनांवर फॉस्फेट चढवले जात आहेत, उतरवले जात आहेत. उतरवण्याच्या कामातला मोठा वाटा पीपी२ए या विकराचा. त्याच्यापाशी थोडं थांबू.

त्याचे तीन उपघटक एकेक करून मनासमोर आणा. पहिला घोड्याच्या नालेसारखा वाकलेला. बाकी दोघांना त्याचाच आधार. दुसरा फॉस्फेट कापणारा. कुणाचा कापायचा, हे मुख्यतः तिसऱ्यावर ठरतं, आणि या तिसऱ्याची चार घराणी आहेत.

त्यांतल्या बी५६कडे वळा. त्याच्या अंगावर एक उथळ खोबण आहे. तिच्यात सहा अमिनो आम्लांचा इवलासा तुकडा बसतो. बहुधा पहिलं ल्युसीन, चौथं आयसोल्युसीन, सहावं ग्लुटामिक आम्ल. पाण्यापासून दूर राहणारी पहिली दोन खोबणीत रुततात. शेवटच्याचा ऋण भार बी५६वरच्या धन भाराकडे ओढला जातो. इथे रेंगाळा. तुकडा कुणाचा, हे खोबणीला कळत नाही. जुळलं की धरायचं, एवढंच तिला ठाऊक.

पेशीचं विभाजन होताना बबआर१ हे आपलं प्रथिन असाच तुकडा पुढे करतं. बी५६ तो धरतं, आणि गुणसूत्रांना ओढणाऱ्या तंतूंची पकड पक्की व्हायला मदत होते.

आता इबोला विषाणू आठवा. १९७६ साली काँगो आणि सुदानमध्ये माणसांना त्याची पहिली ओळख झाली. त्याच्या न्यूक्लिओप्रथिनातही हा तुकडा आहे, असं २०१८ साली संशोधकांनी दाखवलं. बी५६ तोही धरतं. मग विकर विषाणूच्याच व्हीपी३० प्रथिनावरचे फॉस्फेट उतरवतं, आणि विषाणूच्या जनुकांचं काम जोर धरतं.

विकर फसलं, असं मनात येईल. तो विचार येऊ द्या, आणि पुन्हा खोबणीकडे पाहा. तिने आपलं काम चोख केलं आहे. गुणसूत्रं सांभाळणारी निवडच विषाणूच्या कामी आली. खोबण बुजवली, तर विषाणू अडेल. पण आपल्या प्रथिनांचीही वाट बंद होईल. औषध शोधणाऱ्याला म्हणूनच विषाणूइतकंच आपल्या पेशीलाही समजून घ्यावं लागतं. जगायचं तर काही जागा उघड्या ठेवाव्याच लागतात, आणि त्यांची जोखीम पत्करूनच शरीर जगतं.