आधी दार लावा, मग विचारा

रघुनाथ धोंडो कर्व्यांना १९३४ साली २०० रुपये दंड झाला तो वाचकांना उत्तरं दिली म्हणून. हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयी लोक त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाला विचारत आणि कर्वे भीड न ठेवता उत्तर देत. कोर्टात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लैंगिक विषयावर लिहिलं की ते अश्लीलच, हे गृहीतच त्यांनी नाकारलं. लोकांना प्रश्न पडतात, तर जाणकाराने उत्तर का देऊ नये? खटला ते हरले. मासिक मात्र १९२७ पासून १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत चाललं. कर्व्यांच्या धैर्याविषयी पुष्कळ बोललं जातं. मला त्यांच्या पद्धतीचं मोल अधिक वाटतं. विचारणाऱ्याचं चारित्र्य ते तपासत बसत नसत. आपल्या आरोग्यव्यवस्थेला हे अजून जमलेलं नाही.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत फार वेगवेगळी आयुष्यं एकमेकांना खेटून चालतात. बोरघाट उतरून खोपोलीत थांबणारे ट्रकचालक, तिथल्या कारखान्यांतले परगावचे कामगार, लोकलने कल्याण-ठाण्याला कॉलेजात जाणारी मुलं, दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारी आणि पावसाच्या तोंडावर परतणारी कातकरी कुटुंबं, शनिवार-रविवारी फार्महाउसवर येणारे मुंबईकर. यांतल्या प्रत्येकाचं दुसऱ्याबद्दल ठाम मत असतं. ड्रायव्हर म्हणजे बाहेरख्याली, कातकरी म्हणजे मोकळे, शहरातले म्हणजे बिघडलेले. आपलं घर तेवढं यातून वगळलेलं.

सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर ‘काय होतंय?’ असं मोठ्याने विचारतात. मागे रांग, रांगेत शेजारीण, कधी दीर. बाई म्हणते, ‘कंबर दुखते.’ डॉक्टरांपुढेही कंबरच. गोळ्या घेऊन दारापर्यंत जाते, वळते आणि नर्सजवळ येऊन सांगते, ‘ताई, अंगावरून जातंय, बरेच दिवस झाले.’ डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी तशी तपासणी झाली होती जेमतेम ८ टक्के जणींची. घरसंसार करणाऱ्या खेड्यातल्या साध्या बायका होत्या या.

औषध आहे, आणि फुकट आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने आजारानुसार सात रंगांची पाकिटं केली आहेत. गर्भाशयमुखाच्या संसर्गासाठी राखाडी: अझिथ्रोमायसिन एक ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, एकदाच घ्यायचं. पण जोडीदारानेही घ्यावं लागतं, नाहीतर दुखणं फिरून येतं. नवरा भट्टीवर किंवा गाडीवर. पाकीट त्याच्या हातात ठेवायचं तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगितलं की पहिला संशय बाईवरच. मग ती आपल्यापुरतं घेते आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच रांगेत उभी राहते.

पुरुषांचं याहून अवघड. लग्न झालेला, दोन मुलांचा बाप, अधूनमधून पुरुषाशीही संबंध येणारा माणूस स्वतःला कुठलंच नाव लावत नाही. समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने तो गुन्हेगार राहिला नाही, पण त्या निकालाचा आपल्याशी काही संबंध आहे असंही त्याला वाटत नसणार. ‘बाहेर कुठे जाता का?’ असं विचारलं तर तो खरंच ‘नाही’ म्हणेल. संबंध कुणाशी येतो, कसा येतो, निरोध वापरता का, एवढं सरळ आणि एकट्यात विचारलं तर उत्तर मिळण्याची शक्यता तरी आहे. ते न मिळाल्यामुळे त्याचा घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग कुणी तपासतच नाही. उरतो लोकलच्या डब्यात चिकटवलेला ‘गुप्तरोग’वाल्याचा फोन नंबर. माणसं किती परीने जगतात हे डॉक्टरला माहीत असावं, ते एवढ्याचसाठी.

फार्महाउसमध्ये शनिवारी रात्री काय होतं याला आपण खाजगी आयुष्य म्हणतो. प्रौढांचं ते आहेही. पण कातकरी वाडीवर कमी वयात एकत्र राहू लागलेल्या जोडप्याची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. कोवळ्या वयातलं बाळंतपण मुलीचं शरीर पोखरतं, आधीच अंगात रक्त कमी. ते टळलंच पाहिजे, रीत म्हणून त्याची पाठराखण मला करवणार नाही. जिथे जबरदस्ती आहे तिथे पोलिस हवेतच. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतल्या प्रत्येक संबंधाला एकाच मापाने मोजलं आणि कळवण्याची सक्ती डॉक्टरांवरही आली. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर तिचं नाव डॉक्टरांनी पोलिसांना सांगण्याची गरज नाही असा निकाल दिला. तो निकाल गर्भपातापुरता आहे. मूल ठेवून बाळंतपणाला येणाऱ्या मुलीला त्यातून काही मिळत नाही. दवाखाना गाठायचा की सुईणीला घरी बोलवायचं, हे ती आणि तिची सासू ठरवणार, आणि दवाखान्यात गेलं तर पोरावर केस होते हे दोघींच्याही कानावर आलेलं आहे.