पायलट

रात्रपाळीला ड्रिल चालतं तेव्हा माझं लक्ष डोळ्यांत नसतं, कानात असतं. कास्टिंगच्या पोटातला ब्लो होल बाहेरून दिसत नाही. टोक तिथं पोचलं की आवाज पडतो, हात हलका होतो. कागल पंचतारांकित एमआयडीसीत एवढं शिकलो: आतलं खरं टोकालाच कळतं.

भूकंपाचंही तसंच. जमिनीवरचा भूकंपमापक म्हणजे बंद दाराबाहेरून ऐकलेलं भांडण. शब्द लागत नाहीत, मधली भिंतच जास्त बोलते.

आत जावं तर कुठल्या दारातून? भूकंप पत्ता ठेवत नाही. आपणच डिवचला असेल तिथं मात्र ठेवतो.

दक्षिण आफ्रिकेत टाउटोना या सोन्याच्या खाणीत माणसं साडेतीन किलोमीटर खाली खडक काढत. खडक काढला की भार सरकतो, जुनी भेग हलते. शास्त्रज्ञांनी बोगद्यातूनच तिच्यात भोकं पाडली आणि ते यंत्रं लावून बसले. पाहुणा यायच्या आधी पाट मांडावा तसं.

आपली खाण म्हणजे कोयना धरण. १९६२ च्या सुमारास पाणी साठायला लागलं आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा धक्का बसला. आमच्याकडची म्हातारी माणसं ती पहाट अजून सांगतात. धरणाच्या दक्षिणेला साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात जमीन अजून हलते.

पाण्यानं भूकंप केला म्हणणं अर्धवट आहे. गंजलेल्या नटाला रात्रभर तेल सोडलं की सकाळी तो पान्याला सुटतो. फिरवायचा जोर काही तेलाचा नसतो. भेगेवरचा ताण आधीचाच, फार जुना. पाण्यानं फक्त पकड सैल केली. (धरणाला शिव्या देणारे आणि धरणाची बाजू घेणारे, दोघांनीही एकदा पाना हातात धरावा.)

२०१७ साली कोयनेजवळ गोठणे इथं ३ किलोमीटर खोल भोक पुरं झालं. कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळाच आहे त्यासाठी. सव्वा किलोमीटरभर आपला काळा कातळ, थरावर थर. त्याखाली थेट ग्रॅनाइट, मध्ये गाळ नाहीच.

तिथले धक्के बहुतेक १० किलोमीटरच्या आतले, पण बरेचसे या भोकाच्याही खालचे. हे भोक पुढच्या खोल भोकाआधीचं, म्हणून त्याचं नाव पायलट. आम्हीही मोठं ड्रिल घालण्याआधी बारीक पायलट मारतो. टोक भरकटत नाही, आणि माल आतून कसा आहे ते थोडक्यात कळतं.