रोज थोडं थोडं

मंडईत आता भाजीच्या गाड्या रित्या होत असतील. लाल भोपळ्याची चिरलेली फोड आठवा. तो केशरी रंग कॅरोटिनॉइड या द्रव्यांचा. पालकात, मेथीतही ती असतात. हिरव्या रंगाआड दिसत नाहीत, इतकंच.

आपलं शरीर ही द्रव्यं स्वतः तयार करत नाही. ती ताटातूनच यावी लागतात. फोडणीच्या तेलासोबत ती नीट अंगी लागतात. त्यांतलं ल्युटीन डोळ्यांत साठतं, मेंदूतही साठतं. उतारवयातला स्मृतिभ्रंश लांब ठेवायला त्यांची मदत होत असावी, असं संशोधक म्हणतात. छातीठोकपणे नाही, जपून म्हणतात. पण एका दिवशी पोटभर खाऊन हे साधत नाही. रोज थोडं थोडं.

मंडळी, वागण्याचंही तसंच. आईवडिलांची विचारपूस सणापुरती नको. रोज थोडी थोडी. शेजाऱ्याशी दोन शब्द बोलावे, रोज. राग आवरावा, रोज थोडा थोडा. कसोटीच्या वेळी नवं बळ कुठून आणणार? साठवलेलंच कामी येतं. म्हणून चांगुलपणासाठी मुहूर्त शोधू नका. आजपासून सुरू करा. रोज थोडं थोडं.