रस्ता कुणाचा?

घटनेच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाटांच्या पंगतीला 'रस्ते' हा शब्द आहे. तो उगाच बसवलेला नाही. आपल्या बापजाद्यांना सवर्ण दिसला की वाट सोडावी लागे. आज नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर गाडीचा भोंगा सायकलवाल्या मजुराला तेच सांगतो : हो बाजूला!

दोघांनी सारखंच जपावं, हे ऐकायला समतेचं वाटतं. पण धडकेत गाडीला पोचा पडतो, सायकलवाला मरतो. ज्याच्या हातात मारायची ताकद, त्याच्यावरच जपायची जबाबदारी जास्त. २०१७ चे वाहन चालवण्याचे नियमही पादचारी, सायकलस्वारांना खास जपायला सांगतात. आपण डावीकडून चालू, रात्री दिवा लावू. खड्ड्यात मात्र उतरणार नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ता रुंद करायचं काम निघालंय. त्यात सायकलीची वाट मागा.